मुंबईहून दिसतो, पडवीतून दिसत नाही: घरचा सार्वजनिक पत्ता घरातूनच उघडत नसेल तर

वर्षभर बोरिवलीत बसून गावच्या घराचा कॅमेरा मोबाईलवर बघता येतो. विहिरीवरचा पंप चालू आहे का, खळ्यात गुरं शिरली आहेत का, सगळं दिसतं. गणपतीला गावी यावं, घरच्या वाय-फायला मोबाईल जोडावा, तेच अ‍ॅप उघडावं आणि ते नुसतं गोल फिरत राहावं. वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर गेलं की चित्र पुन्हा हजर. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी राउटरवर पोर्ट उघडून एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम) किंवा फायलींचा सर्व्हर बाहेर काढला आहे, त्यांची ही नेहमीची तक्रार. सुटली असं वाटतं आणि पहिल्या पावसात लाईट जाऊन आली की परत उभी राहते.

अशा वेळी बहुतेक जण पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून एका पोर्टवर आलेलं आतल्या ठरावीक यंत्राकडे पाठवण्याचा) नियम पुसून पुन्हा टाकतात, मग राउटर रिसेट करतात. कृपा करून तसं करू नका. बाहेरून कॅमेरा दिसतो याचाच अर्थ पोर्ट फॉरवर्डिंग बरोबर आहे. अडचण दुसरीकडेच आहे, आणि चालू असलेलं मोडून ती सापडत नाही.

एक गोष्ट आधी बघून घ्या. एनव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरा अ‍ॅपमध्ये जोडला असेल, तर तो कंपनीच्या क्लाउडमार्फत चालतो. तिथे ना तुमचा सार्वजनिक पत्ता (इंटरनेटवर तुमचं घर ओळखणारा आकडा) लागतो, ना पोर्ट. पुढचं सगळं ज्यांनी पत्ता किंवा नाव आणि पोर्ट हाताने टाकलं आहे त्यांच्यासाठी.

उदाहरणासाठी पत्ते ठरवून घेऊ. राउटर १९२.१६८.१.१, एनव्हीआर १९२.१६८.१.५०, मोबाईल १९२.१६८.१.२३. सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.२५; हा गट उदाहरणांसाठीच राखीव ठेवलेला आहे, त्यामुळे कुणाच्या घरी तो असणार नाही. नाव घर.एक्झाम्पल.कॉम, आणि पोर्ट बाहेरही ८४४३, आतही ८४४३.

आधी तीन वेळा उघडून बघा

पहिल्यांदा मोबाईलचं वाय-फाय पूर्ण बंद करून मोबाईल डेटावर घर.एक्झाम्पल.कॉम, पोर्ट ८४४३. दुसऱ्यांदा घरच्या वाय-फायवर सरळ १९२.१६८.१.५०, पोर्ट ८४४३. तिसऱ्यांदा त्याच वाय-फायवर पुन्हा नावाने. तिन्हींचे निकाल कागदावर लिहा, कारण दहा मिनिटांनी काय चाललं होतं आणि काय नव्हतं हे आठवत नाही.

पहिलं आणि दुसरं चाललं, तिसरं अडलं: हाच आपला विषय. नॅट म्हणजे राउटरने पाकिटांवरचे पत्ते बदलणं, आणि इथे राउटरला जो प्रकार जमत नाही त्याला हेअरपिन नॅट किंवा नॅट लूपबॅक म्हणतात. राउटरांच्या मेनूत तो कधी नॅट रिफ्लेक्शन या नावानेही असतो.

दुसरंच अडलं असेल तर एनव्हीआर बंद आहे, त्याचा आतला पत्ता बदलला आहे किंवा केबल गेली आहे. खारी हवा लागणाऱ्या घरात लॅन केबलच्या आरजे-४५ टोकावरच्या पिना हिरवट पडलेल्या दिसल्या तर आधी ते टोक बदला.

दुसरं चाललं पण पहिलं अडलं, तर दोन शक्यता जास्त. एक, एनव्हीआरला पत्ता हाताने देताना गेटवेची (घराबाहेर जायच्या वाटेची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची) जागा रिकामी राहिली. घरातल्या घरात त्याला गेटवे लागत नाही म्हणून आत सगळं सुरळीत, पण बोरिवलीला उत्तर पाठवायचं तर वाट माहीत नाही. दुसरी शक्यता, तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ताच नाही.

ही दुसरी शक्यता एका मिनिटात तपासता येते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि त्याच वाय-फायवरून ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असले पाहिजेत. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता पुरवठादार अनेक घरांत वाटतो. हा गट २०१२ साली त्यासाठीच वेगळा काढला गेला. काही केबलवाले त्याऐवजी १० ने सुरू होणारा पत्ता देतात; परिणाम तोच. तिथे घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचत नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक किंवा स्थिर आयपी मागा. मिळत नसेल तर टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारखी, आतून बाहेर जोडणी काढणारी सोय घ्या.

वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर केबलवाल्याचा ओएनटी (फायबर ज्यात येऊन संपते तो डबा) स्वतःच राउटर बनून बसला आहे आणि तुमचा राउटर त्याच्या मागे आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत नेमकं काय होतं

मोबाईल म्हणतो: मी १९२.१६८.१.२३, मला २०३.०.११३.२५ च्या ८४४३ वर बोलायचं आहे. हा पत्ता घरातला नाही, म्हणून डेटाचं पाकीट राउटरकडे जातं. राउटर फॉरवर्डिंगचा नियम लावतो आणि ‘कुणाकडे’ हा रकाना बदलून १९२.१६८.१.५० करतो. ‘कुणाकडून’ हा रकाना मात्र तसाच, १९२.१६८.१.२३.

एनव्हीआरला पाकीट मिळतं. तो पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो: हा तर आपल्याच घरातला. घरातल्याला उत्तर द्यायला गेटवे कशाला? तो सरळ मोबाईलला उत्तर टाकतो. ते स्विचमधून, वाय-फायमधून थेट जातं. राउटरचा नॅट ज्या ठिकाणी पत्ते बदलतो, तिथे ते पोचतच नाही. त्यामुळे त्याच्यावर पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.५० असंच राहतं.

मोबाईल वाट बघतोय २०३.०.११३.२५ च्या उत्तराची. १९२.१६८.१.५० ला त्याने हाक मारलेलीच नाही. ते उत्तर तो नाकारतो आणि खऱ्या उत्तराची वाट बघत बसतो. निरोप वरच्या रस्त्याने गेला, उत्तर गडग्यावरून आलं, आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्याला ते आपलं वाटलंच नाही. अ‍ॅपमध्ये गोल फिरतं ते यामुळे.

म्हणून राउटरला एक जादा काम करावं लागतं: आतून आलेल्या अशा पाकिटाचा ‘कुणाकडून’ हा रकानाही बदलून तिथे स्वतःचा १९२.१६८.१.१ टाकायचा. मग एनव्हीआर राउटरलाच उत्तर देतो, राउटर दोन्ही बदल उलटे करतो आणि मोबाईलला हवं ते मिळतं. नॅट करणाऱ्या यंत्राने हे केलंच पाहिजे, असं इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत, पाकिटं पाठवायच्या दोन पद्धतींपैकी यूडीपीसाठी २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये आणि टीसीपीसाठी २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये लिहिलेलं आहे. तरी फुकट मिळणाऱ्या ओएनटीत ते असेलच असं धरून चालू नका.

दुसरा एक प्रकार दिसतो: नावाने उघडलं की कॅमेऱ्याऐवजी राउटरचंच लॉगिन पान येतं, विशेषतः पोर्ट ८० किंवा ४४३ असेल तर. इथे पाकीट एनव्हीआरपर्यंत गेलेलंच नसतं. फॉरवर्डिंगचा नियम ‘वॅनकडून आलेल्या पाकिटांना’ एवढ्यापुरताच लिहिलेला असतो. आतून आलेल्याला तो लागू होत नाही. सार्वजनिक पत्ता राउटरचा स्वतःचाच असल्याने राउटर स्वतःच दार उघडतो. हे पान तुम्हाला आतून दिसलं म्हणून ते बाहेरच्यांनाही दिसतं असं नाही. पण मोबाईल डेटावरूनही तेच पान आलं, तर वॅनवरचं रिमोट मॅनेजमेंट आत्ताच्या आत्ता बंद करा.

राउटरवरचा उपाय

बऱ्याच घरगुती राउटरांत हेअरपिन आपोआप होतं, चालू-बंद करायला बटणही नसतं. बटण असेल तर ते शोधायच्या जागा, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, मायक्रोटिक किंवा पीएफसेन्स यांपैकी जी प्रणाली असेल तिच्याप्रमाणे, अशा.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नेटवर्क, फायरवॉल, पोर्ट फॉरवर्ड्स. तुमच्या नियमाचं एडिट उघडा आणि अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘एनेबल नॅट लूपबॅक’ला टिक आहे ना बघा, मुळात ती असतेच. टिक असूनही चालत नसेल, तर मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट आठवा. लूपबॅकचा नियम राउटरच्या वॅनवर जो पत्ता असेल त्याच्यासाठी तयार होतो. वॅनवर ओएनटीने दिलेला १९२.१६८.०.२ असेल, तर नियमही त्याच पत्त्याचा. २०३.०.११३.२५ कडे निघालेलं पाकीट त्याला जुळत नाही, ते ओएनटीकडे जातं, आणि ओएनटीला हेअरपिन येत नसेल तर तिथेच संपतं. उपाय एकच: ओएनटी ब्रिज मोडला (स्वतः राउटर न बनता नुसतं पुढे पाठवायला) टाकून पीपीपीओई, म्हणजे पुरवठादाराकडे लॉगिन करायचं काम, आपल्या राउटरवर घ्यायचं. त्याआधी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा केबलवाल्याकडून लिहून घ्या. व्हीलॅनशिवाय ब्रिज केलं तर इंटरनेट जातं, आणि शनिवारी संध्याकाळी फोन उचलायला कुणी नसतं.

मायक्रोटिकमध्ये दोन नियम लागतात. आयपी, फायरवॉल, नॅट इथे आधीच्या डीएसटीनॅट नियमातली इन-इंटरफेसची अट काढा. तिच्या जागी डेस्टिनेशन अ‍ॅड्रेस टाइप ‘लोकल’ निवडा आणि डेस्टिनेशन अ‍ॅड्रेसमध्ये उद्गारचिन्हासह १९२.१६८.१.१ लिहा, म्हणजे ‘राउटरचा कुठलाही पत्ता, पण आतला सोडून’. सार्वजनिक आयपी बदलता असला तरी हा नियम टिकतो. मग दुसरा नियम: चेन एसआरसीनॅट, सोर्स अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.०/२४, डेस्टिनेशन अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०, प्रोटोकॉल टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट ८४४३, अ‍ॅक्शन मास्करेड. पहिलाच नियम करून थांबलात, तर वर सांगितलेलं गडग्यावरचं उत्तर येतं. बहुतेकांचं अडतं ते इथे.

पीएफसेन्समध्ये सिस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड, फायरवॉल अँड नॅट. रिफ्लेक्शन मोड ‘प्युअर नॅट’ करा आणि खाली ऑटोमॅटिक आउटबाउंड नॅट फॉर रिफ्लेक्शनलाही टिक करा. कारण तेच.

या उपायाची एक किंमत आहे. घरातून कुणीही नावाने आलं की एनव्हीआरच्या नोंदीत १९२.१६८.१.१ एवढंच दिसतं. चुकीचा पासवर्ड चार-पाच वेळा पडला की पत्ता अडवणारे एनव्हीआर असतात, आणि तेव्हा अडवला जातो राउटरचा पत्ता. एका पुतण्याने गंमत म्हणून पासवर्ड चुकवला की घरातल्या सगळ्यांचाच कॅमेरा बंद. बाहेरून मात्र चालू! अशा वेळी पुन्हा हेअरपिन तपासत बसू नका. एनव्हीआरमधली लॉक यादी बघा.

कोकणात जास्त टिकणारा उपाय: घरात नावाचं उत्तर वेगळं

हेअरपिन वॅनवर पत्ता असेल तोवरच चालतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फांदी पडून फायबर तुटली की पीपीपीओई जातं, सार्वजनिक पत्ता राउटरवरून नाहीसा होतो, नावाचं उत्तर देणारा बाहेरचा डीएनएसही पोचेनासा होतो. कॅमेरा, एनव्हीआर आणि मोबाईल तिघेही एकाच छपराखाली, विजेवर चालू, आणि तरी चित्र दिसत नाही. नेमक्या वादळाच्या रात्री पाठच्या दारी काय पडलं ते बघायचं असतं, तेव्हाच. म्हणून इथल्या घरांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: हेअरपिन असू द्या, पण भरवसा घरातल्या डीएनएसवर ठेवा.

कल्पना सोपी. घर.एक्झाम्पल.कॉम हे नाव बाहेर विचारलं तर उत्तर २०३.०.११३.२५, घरातल्या राउटरला विचारलं तर उत्तर १९२.१६८.१.५०. मोबाईल आत असताना थेट एनव्हीआरशी बोलतो, नॅटचा प्रश्नच उरत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नेटवर्क, डीएचसीपी अँड डीएनएसमधल्या होस्टनेम्सच्या यादीत नाव आणि आतला पत्ता टाका. मायक्रोटिकमध्ये आयपी, डीएनएस, स्टॅटिक. राउटरला हे जमत नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर घरचा डीएनएस म्हणून पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम बसवा आणि राउटरच्या डीएचसीपीत (घरातल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) डीएनएस म्हणून त्या पायचा पत्ता द्या.

आता यातल्या खाचाखोचा, कारण अर्धवट केलेलं हे काम ‘कधी चालतं, कधी नाही’ असा त्रास देतं.

डीएनएस पोर्ट बदलत नाही. बाहेर ८४४३ आणि आत ४४३ अशी वाटणी केली असेल, तर आत आल्यावर मोबाईल एनव्हीआरच्या ८४४३ वर जाऊन रिकाम्या हाताने परततो. दोन्हीकडे एकच पोर्ट ठेवा.

एका नावाला आत एकच पत्ता. एनव्हीआर ५० वर, होम असिस्टंट ६० वर ८१२३ पोर्टला, आणि दोघांना एकच नाव, असं बाहेर पोर्टच्या जोरावर चालून जातं, आत नाही. प्रत्येकाला वेगळं नाव द्या, किंवा पायवर रिव्हर्स प्रॉक्सी (नाव बघून योग्य यंत्राकडे पाठवणारी मधली सेवा) बसवून सगळी नावं तिच्याकडे वळवा. होम असिस्टंटच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन पत्ते वेगळे देता येतात. त्यासाठी अ‍ॅपला वाय-फायचं नाव वाचू द्यावं लागतं, म्हणून लोकेशनची परवानगी द्या. ती नाकारली की अ‍ॅप कायम बाहेरच्या पत्त्यावरच जातं.

डीएचसीपीत दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ देऊ नका. लोक तो ‘पहिला बंद पडला तर’ म्हणून देतात, पण मोबाईल दोघांतल्या कुणालाही विचारू शकतो. सकाळी पायला विचारलं तर कॅमेरा दिसतो, दुपारी गूगलला विचारलं तर दिसत नाही. राउटर आयपीव्ही६ वरून पुरवठादाराचा डीएनएस जाहीर करत असेल तरीही हेच होतं, आणि ते चटकन लक्षात येत नाही. राउटरच्या आयपीव्ही६ सेटिंगमध्ये जाहीर होणारा डीएनएसही आपलाच ठेवा.

अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुणी सेवेचं नाव भरून ठेवलं असेल, किंवा क्रोममध्ये सिक्युअर डीएनएससाठी ठरावीक कंपनी निवडली असेल, तर तो मोबाईल घरच्या डीएनएसला विचारतच नाही. घरात चौघांचं चालतं, एकाचंच नाही, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हे बघा.

राउटरवरच डीडीएनएस (बदलता सार्वजनिक पत्ता नावापुढे नोंदवत राहणारी सोय) असेल तर आणखी एक. ओपनडब्ल्यूआरटीची डीडीएनएस स्क्रिप्ट नाव विचारून बघते, की नोंदलेला पत्ता जुना तर झाला नाही. घरातला डीएनएस तिला १९२.१६८.१.५० सांगतो, तिला वाटतं नोंद चुकली, ती पुन्हा नोंदवते. हे दर फेरीला. सेवा देणारा वैतागून खातं अडवू शकतो. डीडीएनएसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर म्हणून बाहेरचा, समजा १.१.१.१, टाका की ही फेरी थांबते.

आणि फायबर तुटलेली असताना अँड्रॉइड ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ म्हणून गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो. मग तुम्ही पडवीत बसून बाहेरच्या वाटेने बंद पडलेल्या दारावर थापा मारता. सूचना आल्यावर ‘जोडलेलं राहू दे’ असं निवडा, किंवा तेवढ्यापुरता डेटा बंद करा.

लाईट जाऊन आली की परत का बिघडतं

दोनच मिनिटांची खंडित वीज यातल्या चार गोष्टी हलवते, आणि लक्षण दर वेळी ‘कॅमेरा दिसत नाही’ एवढंच असतं.

एनव्हीआरला डीएचसीपीतून दुसराच पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंगचा नियम रिकाम्या ५० कडे बोट दाखवत राहतो. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये एनव्हीआरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) टाकून ५० पक्का करा. एनव्हीआरमध्येच हाताने पत्ता देणार असाल तर तो डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा घ्या, नाहीतर पाहुण्याच्या मोबाईलला तोच मिळेल; आणि गेटवे विसरू नका.

पीपीपीओई नव्याने जोडलं की सार्वजनिक आयपी बदलतो. डीडीएनएसने नवा पत्ता नोंदवला, तरी जुनं उत्तर साठवून ठेवलेला मोबाईल ते संपेपर्यंत जुन्या दारी जातो. नावाची टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, ६० सेकंद ठेवली तर हे मिनिटभरातच सुटतं. नो-आयपीच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी होकार कळवावा लागतो, तो राहिला तरी लक्षण हेच.

केबलवाल्याचा ओएनटी चालू झाल्यावर त्यांच्या यंत्रणेकडून सेटिंग नव्याने घेतो, आणि तुम्ही टाकलेला फॉरवर्डिंगचा नियम कधीकधी पुसला जातो. ब्रिज मोडची शिफारस पुन्हा यासाठीच: नियम आपल्या राउटरवर, ओएनटी फक्त फायबरमधला प्रकाश तारेवर आणणारा डबा.

चौथी गोष्ट आयपीव्ही६ ची. काही डीडीएनएस क्लायंट नावाला आयपीव्ही६ पत्ताही नोंदवतात, आणि तो राउटरचा स्वतःचा असतो, एनव्हीआरचा नव्हे. मोबाईल आधी आयपीव्ही६ ने प्रयत्न करतो आणि राउटरच्या दारावर अडतो. एनव्हीआरला आयपीव्ही६ येत नसेल तर ती नोंद काढून टाका.

ओएनटी आणि राउटर दोन्ही एका छोट्या डीसी यूपीएसवर ठेवले तर यातलं निम्मं टळतं. घेण्याआधी दोघांच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण न वाचता प्लग घालू नका. फायबर वीज वाहून आणत नाही. विहिरीवरच्या कॅमेऱ्याकडे गेलेली तांब्याची लॅन केबल आणते. मृगाच्या गडगडाटात जळतो तो बहुधा त्या टोकाचा पोर्ट.

जांभ्याच्या भिंती आणि पाहुणे

चिरेबंदी घरात एका राउटरचं वाय-फाय माजघर ओलांडत नाही, म्हणून दुसरा राउटर लावला जातो, आणि केबल सवयीने त्याच्या वॅन पोर्टात जाते. घरात आता दोन नॅट. त्या राउटरच्या मागे एनव्हीआर असेल तर फॉरवर्डिंग दोनदा करावं लागतं आणि हेअरपिनचा गुंता दुप्पट होतो. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की हे आपोआप होतं.

होमस्टे असेल तर पाहुण्यांचं वाय-फाय वेगळ्या पट्ट्यात, समजा १९२.१६८.२ मध्ये, ठेवा. इथे एक चकवा आहे: मालकाला नावाने कॅमेरा दिसत नाही, पण पाहुण्यांच्या वाय-फायवरून दिसतो. पाहुणा वेगळ्या पट्ट्यातला असल्याने एनव्हीआरचं उत्तर राउटरमधूनच परत जातं आणि पत्ते बरोबर उलटे होतात. हेअरपिनची समज पक्की करायला हे उदाहरण उत्तम, पण तुमच्यासाठी धोक्याची घंटा. पाहुण्यांच्या पट्ट्यातून १९२.१६८.१.५० कडे जाणारं सगळं फायरवॉलवर अडवा आणि नंतर पाहुण्यांच्या वाय-फायवरून नावानेही उघडून बघा.

एनव्हीआरचं पोर्ट उघडं ठेवणं हाच मुळात आमच्या काळजीचा विषय आहे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. हिकव्हिजनचं ८००० किंवा डाहुआचं ३७७७७ बदलून दुसरं पोर्ट ठेवणं हे कुलूप नव्हे. शोधणारे सगळीच पोर्टं चाचपतात. जमत असेल तर राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन (बाहेरून घरात सुरक्षित बोगदा काढणारा) बसवा, फक्त यूडीपी ५१८२० उघडं ठेवा आणि कॅमेरा त्या बोगद्यातून बघा. वायरगार्ड राउटरवरच असेल तर घरातून सार्वजनिक पत्त्यावर गेलेलं पाकीट बहुधा राउटर स्वतःच उचलतो, हेअरपिन लागत नाही. तो पायवर बसवला तर मात्र लागतं, आणि नसेल तर बोगदा चालू असलेला मोबाईल घरी पोचताच त्याचं सगळं इंटरनेट बंद पडतं. आयफोनच्या अ‍ॅपमध्ये ऑन-डिमांडखाली घरचं वाय-फाय वगळता येतं.

सगळं झालं की पावसाळ्याआधी एक चाचणी करा. ब्रिज केलेला ओएनटी आणि राउटर यांच्यामधली लॅन केबल राउटरच्या वॅनमधून काढा. फायबरच्या टोकाला हात लावू नका, त्यावर धूळ बसली की सिग्नल पडतो. मोबाईल डेटा बंद, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, घर.एक्झाम्पल.कॉम, ८४४३. चित्र आलं पाहिजे. मग केबल परत लावा, राउटर आणि एनव्हीआर दोन्हींची वीज एकदम काढून पाच मिनिटांनी एकदम द्या, आणि मघाचे तिन्ही प्रयत्न पुन्हा करा: डेटावर नावाने, वाय-फायवर आतल्या पत्त्याने, वाय-फायवर नावाने.